गवताच्या बाईंचा कॅमेरा

मी एक जुना, लांब मानेचा कॅमेरा आहे. मित्रांनो, व्हर्नाचा आवाज बंद झाल्याचे आम्हाला दुपारच्या जेवणाच्या वेळी कळले.

व्हर्ना स्वतः जूनमध्येच वारली होती. तिच्यामागे तिचा नवरा ओरेस्ट रोज दुपारी सुपाचा वाडगा घेऊन काचेच्या पडवीत यायचा, माझ्या शेजारच्या संगणकावर तिचा एखादा धडा लावायचा आणि पडद्याकडे पाठ करून जेवायचा. धडे गवतांचे होते. ओरेस्टला गवताशी काही कर्तव्य नव्हते. तो नुसता ऐकायचा. जुलैतल्या त्या दुपारी त्याने कळ दाबली आणि काहीच ऐकू आले नाही. खुर्ची कुरकुरली. जे वाचायचे ते मोठ्याने वाचायची त्याला सवय आहे.

"हा व्हिडिओ सध्या उपलब्ध नाही," त्याने वाचले.

मग त्याने दुसरा धडा लावला, मग तिसरा. प्रत्येक वेळी तेच वाचले. सूप तसेच राहिले. नंतर त्याने कॉलेजात फोन केला.

पुढचे सांगण्याआधी माझ्याविषयी थोडे सांगायला हवे. माझी मान राजहंसासारखी वाकडी आहे आणि तोंड कायम खाली, टेबलाकडे आहे. त्यामुळे मला माणसांचे चेहरे दिसत नाहीत. मला हात दिसतात, आणि हातात जे असेल ते दिसते. ऐकू मात्र सगळे येते. माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या हातांनी मला जोडले, पुसले आणि खोक्यात घातले. खोके उघडले तेव्हा मी कॅनडात, सस्कॅचेवानमधल्या एका लहानशा शेतकी कॉलेजात होतो. माझ्या बुडाला कॉलेजचे लेबल लावले आणि मला वर्गात शिक्षकांच्या टेबलावर बसवले.

सुरुवातीला शिक्षक माझ्याखाली कागद ठेवायचे. कागदावरचे मोठे होऊन भिंतीवर दिसायचे. काम सोपे होते आणि त्याचा मला लवकरच कंटाळा आला. मग एक दिवस माझ्याखाली वेगळे हात आले. नखांत माती होती. एका हातात चिमटा होता आणि दुसऱ्यात गवताची एक काडी. ती व्हर्ना.

गवताचे पान जिथे खोडाला बिलगते तिथे एक बारीक पापुद्रा असतो. नुसत्या डोळ्यांना तो धड दिसत नाही. पण गवत ओळखायचे तर तोच बघावा लागतो. व्हर्नाने चिमट्याने पान मागे ओढले आणि तो पापुद्रा माझ्यासमोर धरला. भिंतीवर तो ताटाएवढा दिसला.

"आमच्या गाई एवढी वर्षं हे खातायत," मागून कोणीतरी म्हणाले, "आम्ही कधी बघितलंच नाही."

"गाई बघतात," व्हर्ना म्हणाली. "म्हणून तर निवडून खातात."

तिचे एक वाक्य ठरलेले होते. ते मी दर वर्षी ऐकले. "तुरा आल्यावर कोणीही ओळखेल. त्याच्याआधी ओळखता आलं पाहिजे." कुरणात गुरे कधी सोडायची आणि कधी काढायची हे गवत कोवळे असतानाच ठरवावे लागते. तुरा येईपर्यंत थांबले तर उशीर झालेला असतो. मुले वहीत हे लिहून घ्यायची आणि बहुधा विसरायची.

ते माझे चांगले दिवस होते. पुढे वर्गात भिंतीएवढे नवे पडदे आले. बोट लावले की चित्र हलायचे. मला एका कपाटात ठेवले. तिथे एक मोडका पंखा होता आणि रंगाचे डबे होते. कपाटाचे दार उघडायचे तेव्हा कोणाला तरी रंग हवा असायचा.

मग ते आजाराचे वर्ष आले आणि सगळ्या शाळा-कॉलेजांना कुलपे लागली. शिक्षकांनी घरून शिकवायचे ठरले. ज्याला जे नवे यंत्र हाती लागले ते त्याने नेले. व्हर्ना कपाटाशी येऊन म्हणाली, "तो लांब मानेचा कुठे आहे? तो जिवंत आहे ना अजून?"

तेव्हापासून मी त्यांच्या घरी, या पडवीत आहे.

आता व्हर्नापुढे वर्ग नव्हता. ती माझ्याखाली गवत ठेवायची, बोलायची, आणि ते सगळे इंटरनेटवरून विद्यार्थ्यांकडे जायचे. विद्यार्थी बहुतेक दूरदूरच्या गुरांच्या रँचवर राहणारे. कोणी सकाळी गुरांना चारा घालून मग बघायचे, कोणी पोरे झोपल्यावर. पहिले पहिले धडे तासाचे होते. एकाने कळवले, "व्हर्ना, तुमचा तास लावला की आमच्याकडचं इंटरनेट गुडघे टेकतं. आणि खरं सांगू का, थोड्या वेळाने मीही टेकतो." ती पुष्कळ हसली. मग तिने धडे लहान केले. कॉफी निवायच्या आत धडा संपला पाहिजे असा तिचा हिशेब होता. एका धड्यात एक गवत, फार तर दोन.

आणि तिने एक नियम घातला. प्रत्येक धडा एकाच वाक्याने सुरू व्हायचा. "आधी गवत आणा, मग मला लावा." जे गवत माझ्याखाली असेल तेच विद्यार्थ्याच्या टेबलावर असले पाहिजे. शहरात राहणाऱ्यांना ती वाळलेल्या काड्या पाकिटातून पाठवायची आणि कोमट पाण्यात भिजवायला सांगायची. मग विद्यार्थी व्हिडिओ थांबवायचे, आपल्या काडीचे पान ओढून बघायचे, पुन्हा मागे जायचे, पुन्हा बघायचे. वर्गात हे कधी जमले नसते. वर्गात हात एकदाच फिरायचा. इथे तो हवा तितक्या वेळा फिरत होता.

कॉलेज पुन्हा उघडले तरी तिने हे सोडले नाही. सांगायचे ते ती इथे माझ्यासमोर सांगायची. वर्गात मुले नुसती गवतांच्या जुड्या घेऊन यायची आणि एकमेकांशी भांडायची, हे अमुक आहे की तमुक. ती घरी येऊन ओरेस्टला सांगायची, "आज मी तासभर काही बोलले नाही. आजवरचा सगळ्यात चांगला तास झाला."

"तू तासभर बोलली नाहीस?" ओरेस्ट म्हणायचा. "डॉक्टरला दाखवायचं का?"

एकदा ती दुकानात कोबी निवडत होती. शेजारी उभी असलेली एक अनोळखी बाई तिच्या हातांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुम्ही गवताच्या बाई ना?" तिने व्हर्नाचा चेहरा कधी पाहिला नव्हता. मीही पाहिलेला नाही. त्या दिवशी मला फार बरे वाटले.

आता रेनेकडे येतो. रेने कॉलेजच्या व्हिडिओंचे काम बघतो. ओरेस्टने फोन केल्यावर दुसऱ्या दिवशी तो स्वतःच आला. व्हर्नाने त्याच्या बापालाही शिकवले होते.

"पुसलं नाहीये काही, ओरेस्ट," तो म्हणाला. "झाकून ठेवलंय."

"का?"

"यंदा जोलीन नावाची मुलगी आलीये. तिला ऐकू येत नाही. व्हिडिओखाली बोलणं लिहिलेल्या ओळी नसतील तर तिने शिकायचं कसं? आता नियमच झालाय. नीट ओळी नाहीत तो व्हिडिओ दाखवायचा नाही."

"ओळी तर यायच्या खाली. मी बघितल्यात."

"त्या यंत्राने आपल्या मनाने लिहिलेल्या. व्हर्नाच्या गवतांची नावं यंत्राला काय कळतात? माणसाने बसून, ऐकून सुधाराव्या लागतात. बाकीचे शिक्षक आपापल्या सुधारतायत. व्हर्नाच्या..."

"आणि कोणी सुधारल्या नाहीत तर?"

"सप्टेंबरात जुनी साठवण बंद होतेय. तोवर जे तयार नसेल ते जाईल. पण तुम्ही काळजी करू नका. तुम्हाला मी सगळं एका डिस्कवर भरून देतो. घरी ऐका पाहिजे तेव्हा."

ओरेस्टचा हात माझ्याखाली टेबलावर होता. जाड बोटे, एका अंगठ्याचे नख काळे पडलेले. त्याने आयुष्यभर ग्रेडर चालवून या भागातले खडीचे रस्ते सपाट केले होते.

"ती काय मला गवत शिकवत होती?" तो म्हणाला.

रेनेने माझी मान धरून हलवून बघितली. "हा कॅमेरा खरं तर कॉलेजचा आहे. पण तिकडे आता कोणाला नकोय."

"मग राहू दे. उगाच कशाला ने-आण." मग ओरेस्ट म्हणाला, "ओळी कशा लिहायच्या ते दाखव मला."

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झाले. ओरेस्ट सकाळी कॉफी घेऊन यायचा, धड्याचा लहानसा तुकडा ऐकायचा, थांबवायचा आणि दोन बोटांनी लिहायचा. लिहिताना प्रत्येक शब्द मोठ्याने म्हणायचा. त्यामुळे व्हर्नाचे धडे मी दुसऱ्यांदा ऐकले, या वेळी तिच्या आवाजात आणि मागोमाग त्याच्या आवाजात.

"एका वाक्यात हिने दोन गवतं कोंबलीत," तो म्हणायचा. "श्वास कुठे घेत होती कोण जाणे."

त्याने तिचे एकही वाक्य बदलले नाही. रेनेने सांगितले होते की जे ऐकू येते ते सगळे लिहायचे. दार वाजले तर दार वाजले असे लिहायचे, आणि दुसरे कोणी बोलले तर तेही. इथे ओरेस्टची पंचाईत झाली, कारण बऱ्याच धड्यांत तो स्वतःच होता.

"व्हर्ना, पिरोगी गार होतायत," धड्यातला ओरेस्ट म्हणाला.

"दोन मिनिटं. रेकॉर्डिंग चालू आहे."

"तुझी दोन मिनिटं म्हणजे धान्याची मालगाडी. फाटकात उभं राहावं तर डबे संपतच नाहीत."

टेबलाशी बसलेल्या ओरेस्टने रेनेला फोन केला. "हे पण लिहायचं?"

"लिहायचं. कोण बोललं तेही लिहा."

"काय लिहू? रस्त्यावरचा माणूस?"

"नवरा लिहा."

त्याने कंसात 'नवरा' लिहिले. मग पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, लिहिल्या. मालगाडीही लिहिली.

तयार झालेले धडे आधी जोलीनकडे जायचे. ओळी कळतात की नाही हे ती बघायची आणि लिहून कळवायची. तिची पहिली चिठ्ठी संगणकावर आली ती ओरेस्टने वाचून दाखवली, म्हणजे रिकाम्या पडवीला. "ओळी चांगल्या आहेत. मी गवत आणूनच बसते. नवरा फार वैतागलेला वाटतो, पण पिरोगी त्यानेच केल्या असतील तर त्याचं बरोबर आहे." ओरेस्ट त्या दिवशी हसला. मी बऱ्याच दिवसांनी ते ऐकले.

एक एक धडा परत लागू लागला. ऑगस्ट उजाडेपर्यंत ओरेस्ट हिवाळ्यातल्या धड्यांपर्यंत आला. तेव्हा जोलीनची दुसरी चिठ्ठी आली. ती त्याने नेहमीसारखीच मोठ्याने वाचायला घेतली.

"या धड्यांत हात मधेच थांबतात. चिमटा खाली जातो, हात टेबल धरतो, मग पुन्हा सुरू होतं. तेव्हा खाली ओळ कोरी आहे. त्या काही सांगतायत का? माझं काही निसटतंय का?"

शेवटचे शब्द त्याने हळू वाचले. त्याचे दोन्ही हात माझ्याखाली होते. ते हलले नाहीत.

मित्रांनो, मला ते माहीत होते. हात थांबायचे ते मी बघितले होते. अंगठी सैल होऊन तिला दोरा गुंडाळला होता, मग ती अंगठीच दिसेनाशी झाली, तेही मी बघितले होते. पण कॅमेऱ्याला विचारल्याशिवाय सांगता येत नाही, आणि कॅमेऱ्याला कोणी विचारत नाही.

ओरेस्टने रेनेला फोन लावला. "खोकला लिहायचा असतो का?"

"धड्याशी संबंध नसेल तर नाही लिहिला तरी चालतो."

"हात थांबतात तिचे."

"मग लिहा," रेने म्हणाला.

त्याने झालेले धडे पुन्हा उघडले. जिथे हात थांबले होते तिथे कंसात 'खोकला' असे लिहिले. एक लिहिला, दुसरा लिहिला. तो मागे मागे जात राहिला, हिवाळ्यातून पानगळीपर्यंत. खोकला तिथेही होता, बारीक, बोलण्याच्या मधे चिकटवल्यासारखा. डॉक्टरांकडे ते गेले होते नाताळानंतर. एका धड्यात व्हर्ना खोकत होती आणि तेव्हाच आतल्या खोलीत टीव्ही चालू होता, कोणीतरी गोल केला होता आणि ओरेस्ट ओरडत होता. जे ऐकू येते ते सगळे लिहायचे होते. त्याने कंसात 'खोकला' लिहिले. खाली 'आत हॉकीचा सामना, नवरा ओरडतो' असे लिहिले. मग कॉफीचा कप उचलून तो बाहेर गेला. त्या दिवशी तो परत पडवीत आला नाही.

जोलीनचे उत्तर त्याने दोन दिवसांनी वाचले. "आता कळलं. आभार. आता त्या थांबल्या की मीही थांबते."

सगळ्यात शेवटचा धडा मे महिन्यातला आहे. त्यात सुईसारखी दोन गवते आहेत. एकाला इकडे सुई-दोरा म्हणतात आणि दुसऱ्याला हिरवी सुई. सुई-दोऱ्याचे बी गुरांच्या तोंडात रुतते, हिरवी सुई गुरे आवडीने खातात. तुरे आले की दोन्ही वेगळी दिसतात. कोवळी असताना जुळ्या बहिणींसारखी असतात आणि त्या पापुद्र्यावरूनच ओळखावी लागतात. व्हर्नाने त्या दिवशी सुई-दोरा माझ्याखाली धरला. हात कापत होते, म्हणून तिने मनगट टेबलाला टेकवले. मी शक्य तितके स्पष्ट दाखवले.

"हा सुई-दोरा. याचा पापुद्रा लांब, टोकाला फाटलेला. आता हिरवी सुई. ती आज माझ्याजवळ नाही." मग तिने हाक मारली. "ओरेस्ट."

"काय?"

"पश्चिमेच्या रस्त्याला, चरात पाणी साचतं ना, तिथे हिरवी सुई येते. एक मुळासकट आण."

"उद्या आणतो."

"माझा नवरा उद्या आणून देईल," ती विद्यार्थ्यांना म्हणाली. "तोवर तुम्ही तुमच्याकडे शोधा. तुरा यायच्या आत." मग तिचा हात वर आला आणि तिने मला बंद केले.

दुसऱ्या दिवशी ते दोघे रेजायनाच्या इस्पितळात गेले. ओरेस्ट एकटा परत आला तेव्हा जून होता.

ऑगस्टच्या शेवटी एका सकाळी ओरेस्टची गाडी गेली आणि थोड्या वेळाने आली. त्याने माझ्याखाली गवताची एक जुडी ठेवली, मुळासकट. मुळांना चरातली माती होती. ती हिरवी सुई होती. व्हर्नाने इतकी वर्षे शिकवल्यावर मला तेवढे कळते.

"तुरे आलेत," ओरेस्ट म्हणाला. "आता कोणीही ओळखेल."

तो बसला आणि लिहू लागला. 'आधी गवत आणा, मग मला लावा' लिहिले. सुई-दोरा लिहिला. जिथे जिथे खोकला होता तिथे खोकला लिहिला. "ती आज माझ्याजवळ नाही," इथपर्यंत तो आला. मग त्याची हाक ऐकू आली, म्हणजे व्हर्नाने मारलेली. त्याने ती लिहिली. 'काय?' लिहिले. रस्ता आणि चर लिहिला. मग त्याने संगणक बंद केला.

काही दिवसांनी रेनेचा फोन आला.

"बाकी सगळे धडे परत लागलेत, ओरेस्ट. तिच्या जागी आलेले नवे मास्तरही म्हणाले, तेच वापरू. एकच राहिलाय."

"हो."

"शेवट कापून टाकू का? घरचंच बोलणं आहे ते. मुलांना त्याचा काय उपयोग?"

"कापू नको."

"मग लिहा."

"लिहितो."

"सप्टेंबर आलाय. मी 'काम चालू आहे' असं लावून ठेवलंय. फार दिवस नाही चालणार ते."

"लिहितो म्हटलं ना."

मित्रांनो, मी जुना झालो आहे. माझी मान आता खाली सरकते आणि चित्र पूर्वीसारखे स्वच्छ येत नाही. मला पुन्हा कपाटात ठेवले तरी माझी तक्रार नाही. माझे मागणे एवढेच आहे. कोणाचे शिकवणे टिपून ठेवाल तर माणूस आहे तोवर त्याच्याजवळ बसून ते पुन्हा ऐका आणि खाली लिहून ठेवा. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी लिहा. लिहिताना आपल्यालाही ऐकू येते.

हिरव्या सुईची जुडी अजून माझ्याखाली आहे. ती वाळली आहे. शेवटच्या धड्यात 'उद्या आणतो' ही ओळ लिहायची राहिली आहे.